सुंदराबाईंच्या चार ओळी

हे घडलेलं आहे. ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा सख्खा मामा, आणि त्याने ते फक्त मला सांगितलं. का, ते पुढे कळेल.

अंधार, स्मशान, अमावस्या असलं यात काही नाही.

मागच्या वर्षीचा जून. वार रविवार. दुपारचे चार. जागा विश्रांतवाडीतल्या एका सोसायटीचा सहावा मजला, मागची खोली. खाली भाजीवाल्याचा स्पीकर चालू होता आणि शेजारच्यांच्या मिक्सरवर चटणी वाटली जात होती. अशा भर दुपारी ते सुरू झालं.

मामाचं नाव समाधान. वय एक्कावन्न. एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. कामात चोख, बोलायला कमी. त्याला एकच नाद... नाट्यगीतं.

शिकलेला कुठेच नाही. माझे आजोबा सकाळी रेडिओ लावायचे, त्यावर ऐकून ऐकून गळ्यात बसलेली पदं. तीन वर्षांपूर्वी त्याने फोनवर कराओकेचं अ‍ॅप घेतलं आणि माणूसच बदलला. मागच्या खोलीची खिडकी बंद, पंखा बंद, कानाला हेडफोन. मामी शाळेत शिक्षिका. ती म्हणायची, "आमच्याकडे रविवारी दुपारी नाटक कंपनी उतरते. चहा मात्र मलाच करावा लागतो."

त्या अ‍ॅपवर युगलगीत असं गातात. एकाने फक्त आपल्या ओळी गायच्या आणि दुसऱ्याच्या मोकळ्या सोडायच्या. तिथे नुसता पेटी-तबला वाजत राहतो. मग दुसरा कुणीतरी, आपल्या घरी बसून, त्या मोकळ्या ओळी भरतो.

मामाच्या मोकळ्या ओळी भरणाऱ्या बाईंचं अ‍ॅपवरचं नाव होतं 'सुंदरा विंगेतली'.

खरं नाव सुंदराबाई. राहायला येरवड्यात. वय त्र्याहत्तर. प्रसूतिगृहात आया म्हणून आयुष्यभर नोकरी केलेली. त्यांचे वडील एका फिरत्या नाटक कंपनीत पडदा ओढायचे. लहानगी सुंदरा त्यांच्या पायाशी, विंगेत बसलेली असायची. तिथे बसून तिला सगळी पदं पाठ झाली. पण स्टेजवर एकदाही पाऊल पडलं नाही. "पडदा ओढणाऱ्याची मुलगी पदं म्हणणार आहे होय?" असं तेव्हा कुणीतरी हसून म्हणालं होतं, ते त्यांनी मामाला फोनवर सांगितलं होतं. त्याही हसूनच.

दोन वर्षांत दोघांनी मिळून शंभरावर युगलगीतं केली. मामा त्यांना सुंदराबाई म्हणायचा, त्या त्याला समाधानदादा. वयाने बावीस वर्षांनी लहान, तरी दादा.

मग एप्रिलमध्ये अ‍ॅपवरच्या नाट्यगीतवाल्यांच्या ग्रुपने प्रत्यक्ष कार्यक्रम ठरवला. सदाशिव पेठेतला एक छोटासा हॉल. शनिवार, संध्याकाळ. अ‍ॅपवरच्या निवडक गायकांनी खऱ्या पेटी-तबल्यावर गायचं. मामा आणि सुंदराबाईंचं एक युगलपद त्यात होतं. त्यातल्या शेवटच्या चार ओळी एकट्या नायिकेच्या, त्यानंतर नायकाने फक्त पहिली ओळ पुन्हा घ्यायची. त्या चार ओळींवरच ते पद उभं राहायचं.

सुंदराबाईंनी हिरवी साडी काढून इस्त्री करून घेतली. गल्लीत सगळ्यांना सांगितलं. त्र्याहत्तराव्या वर्षी त्या विंगेतून बाहेर येणार होत्या.

तालमीला त्यांचा दम तुटला.

शेवटच्या चार ओळींत त्या तीनदा थांबल्या. पेटीवाला त्यांच्याकडे न बघता छताकडे बघत राहिला. तालीम संपल्यावर ग्रुप चालवणारा राकेश मामाला बाजूला घेऊन म्हणाला की आजी गोड आहेत, पण तिकडचे श्रोते कानाचे तिखट असतात, घड्याळं बघायला लागतील. दुसरी कुणी तरुण मुलगी मिळते का बघा.

मामा नाही म्हणाला नाही.

त्याचंही ते पहिलंच स्टेज होतं. त्यालाही वाटत होतं की आपलं पद पडू नये.

आता इथे मला माझंही नाव घ्यावं लागेल. मी पूर्वा. कार्यक्रमाच्या दिवशी सुंदराबाईंच्या ओळी मी गायले. मी गाणं शिकलेली, वय चोवीस, दम भरपूर. मी मामाला एकदा विचारलं, त्या आजी का नाही? तो म्हणाला, त्यांची तब्येत बरी नाही. मी पुढे विचारलं नाही. मला गायचं होतं.

सुंदराबाईंना हे कसं सांगायचं? मामा दोन दिवस फोन हातात घेऊन ठेवून देत होता. शुक्रवारी त्यांचाच फोन आला. गजरा कुठला घालू, मोगऱ्याचा की अबोलीचा, असं विचारत होत्या. मामाच्या तोंडून निघून गेलं...

"अहो सुंदराबाई, कार्यक्रम एक दिवस पुढे गेलाय. रविवारी आहे. चार वाजता या."

त्याने मला शपथेवर सांगितलं की त्याचा त्यांना खरंच बोलावून फसवायचा विचार नव्हता. शनिवारी रात्री फोन करून सांगणार होता, की रविवारचाही रद्द झाला. एवढंच. एक खोटं झाकायला दुसरं.

शनिवारी पद रंगलं. टाळ्या झाल्या. वन्स मोअर मिळाला. लोक मामाच्या पाया पडायला आले. घरी येईपर्यंत तो हवेत होता.

फोन करायचा राहिला.

रविवारी दुपारी मी मामाकडेच जेवायला होते. मामाचा फोन टेबलावर पालथा पडलेला. सव्वाचारला थरथरायला लागला. थांबला. पुन्हा थरथरला. मामा उठून बाल्कनीत गेला. मी फोन सरळ करून नाव वाचलं आणि परत पालथा ठेवला.

अकरा वेळा वाजला.

सोमवारी सकाळी त्याने मेसेज टाकला की अचानक ताप आला होता, कार्यक्रम रद्द झाला, कळवायचं राहून गेलं. उत्तर आलं. दोन शब्द. 'काळजी घ्या.'

राकेशने तोवर शनिवारचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला होता. मामाने कुणाकुणाला आवडलाय ती यादी उघडली. खालून तिसरं नाव होतं... 'सुंदरा विंगेतली'.

एकोणीस दिवसांनी सुंदराबाई गेल्या. झोपेतच. वय झालेलं, हृदय कमजोर होतं, सगळं खरं. पण मामा पुण्यानुमोदनाला, त्यांच्या शोकसभेला, गेला नाही. ऑफिसच्या कामाने नगरला जायचंय म्हणाला. नगरलाही गेला नाही. होळकर पुलाजवळ स्कूटर लावून दिवसभर तिथेच बसून राहिला.

जूनच्या पहिल्या रविवारी त्याने पुन्हा अ‍ॅप उघडलं. खूप दिवसांनी. तेच पद लावलं. का तेच, ते त्यालाही सांगता येत नाही. आपल्या ओळी गायला, शेवटच्या चार ओळी मोकळ्या सोडल्या आणि मग हेडफोन लावून ऐकायला बसला.

त्याचा आवाज ठीक होता. मग त्या चार ओळी आल्या. पेटी. तबला.

आणि मागे...

कबुतरं.

पंख फडफडवणारी, घुमणारी. खूप सारी. आणि आवाज असा घुमत होता, जसा दगडी भिंतींमध्ये घुमतो.

मामाने खिडकी बघितली. बंद होती. बाहेरून जाळी. सोसायटीत कबुतरं आहेत, पण दुपारी त्या बाजूला सावलीसुद्धा नसते. चार ओळी संपल्या, त्याचा आवाज पुन्हा सुरू झाला आणि कबुतरं गेली. कात्रीने कापल्यासारखी.

त्याने मामीला ऐकवलं. मामी लक्ष देऊन ऐकून म्हणाली, "तबला चांगलाय. कबुतरं कुठली? कान तपासून घ्या."

बुधवारी संध्याकाळी त्याने परत गाऊन बघितलं. काही नाही. नुसता पेटी-तबला.

दुसरा रविवार. चार वाजता.

या वेळी कबुतरांच्या जोडीला खराट्याचा आवाज होता. कुणीतरी फरशी झाडत होतं. मग बांगड्या वाजल्या. काचेच्या. आणि कुणीतरी खाली बसलं... गुडघ्यांवर हात ठेवून, हळूहळू, सुस्कारा टाकत.

तो सुस्कारा मामाने शंभर वेळा ऐकला होता. गायला बसण्याआधी सुंदराबाई तसाच सुस्कारा टाकायच्या. तो रेकॉर्ड व्हायचा आणि मामा त्यांना गमतीने म्हणायचा, आधी बसा, मग बटण दाबा.

त्याने हेडफोन काढून ठेवला.

तो म्हणतो की त्याच क्षणी त्याला कळलं, हा आवाज कुठला आहे. त्या रविवारी तिथे तो स्वतः नव्हता. पण कळलं.

तिसऱ्या रविवारी तो गाणार नव्हता. सकाळपासून फोन कपाटात ठेवला होता. पावणेचारला त्याने स्वतःच काढला. मला म्हणाला, "पूर्वा, मला भीती वाटत होती. पण न ऐकणं जास्त वाईट वाटत होतं. एकदा नाही ऐकलं, ते पुरे होतं."

या वेळी चार ओळींत माणसं बोलली.

आधी एक पुरुष. "कुणाकडे आलात, आजी?"

मग सुंदराबाई. अगदी तोच आवाज. "कार्यक्रम आहे ना आज? गाण्याचा?"

"तो कालच झाला की."

मग काही नाही.

कबुतरंही थांबली. खराटा थांबला. मामा सांगतो की त्या शांततेत तो कितीतरी वेळ बसलेला होता. चार ओळींना लागतात सदतीस सेकंद. ती शांतता त्याहून लांब होती.

मग सुंदराबाई म्हणाल्या, "हो का... मग माझंच ऐकण्यात चुकलं असेल."

पाठोपाठ मामाचा स्वतःचा आवाज सुरू झाला. खुल्या गळ्याने. सुरात.

त्याला तो आवाज ऐकवेना.

सोमवारी रजा टाकून मामा सदाशिव पेठेत गेला. हॉलच्या दारात पाटी आहे, 'पायऱ्यांवर बसू नये. आत खुर्च्या आहेत, कार्यक्रम असेल तेव्हा यावे.' पायऱ्या दगडी. वरच्या झरोक्यांत कबुतरंच कबुतरं. झाडायचं आणि राखायचं काम एकाच माणसाकडे आहे, श्याम त्याचं नाव. मामाने त्याला विचारलं, एप्रिलमध्ये एका रविवारी एक आजी आल्या होत्या का. हिरव्या साडीतल्या.

श्यामला लगेच आठवलं. गजरा घातलेल्या, ना? दोन तास बसल्या होत्या इथे. पाटी दाखवायला गेलो, पण तोंड बघून नाही दाखवली.

मामाने विचारलं, तुम्ही त्यांना काय सांगितलं?

श्यामने सांगितलं, आणि त्या काय म्हणाल्या तेही सांगितलं. शब्दाला शब्द जुळला. 'हो का' नंतर त्या जेवढ्या थांबल्या होत्या, तेवढाच श्यामही थांबला.

मामाने पायरीला हात टेकला.

श्याम पुढे म्हणाला, "निघताना म्हणाल्या, आत नुसतं बघू का. मी दार उघडून दिलं. स्टेजवर नाही चढल्या. बाजूला पडद्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. मी आपला खुर्च्या लावत होतो. बघितलं तर त्यांचं तोंड हलत होतं."

"गात होत्या?"

"असतील. पण आवाज काही आला नाही मला."

चौथा रविवार.

मामा गायला. ऐकायला बसला. चार ओळी आल्या आणि या वेळी पेटी-तबलाच बंद झाला. कबुतरं नाहीत. खराटा नाही. मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये दार लावून घेतल्यावर जशी शांतता असते, तशी. त्याला कडी सरकल्याचं ऐकू आलं. लाकडी फळ्यांवर पावलं आली... थांबली.

आणि एक श्वास.

गायच्या आधी घेतात तसा. खोल. पोटातून. बाकी पुढे काही नाही. श्वास घेतला आणि तो सोडलाच नाही कुणी.

त्यानंतर दोन रविवार हेच. शांतता आणि तो एक श्वास. मामाचं जेवण सुटलं. ऑफिसमध्ये फायलींवर चुका व्हायला लागल्या, ज्या त्याच्या हातून तीस वर्षांत झाल्या नव्हत्या. मामीला वाटलं ब्लडप्रेशर आहे.

मग जुलैत एक फोन आला. सुंदराबाईंची मुलगी, सोनालीताई.

मामाला वाटलं, आली वेळ. एका परीने त्याला बरंच वाटलं.

पण सोनालीताई आभार मानत होत्या. म्हणाल्या, आईने कार्यक्रमाचं सगळं सांगितलं होतं. त्या रविवारी घरी आली ती किती खूश होती. म्हणाली, पद छान झालं, टाळ्या पडल्या, समाधानदादांनी फार सांभाळून घेतलं. मला ड्युटी होती, येता आलं नाही, त्याची रुखरुख आहे. येत्या रविवारी घरी थोडे नातेवाईक येतायत. आईचं गाणं त्यांना ऐकवावं म्हणते. रेकॉर्डिंग असेलच ना तुमच्याकडे?

मामा हो म्हणाला की नाही, त्याला आठवत नाही. मी येतो, एवढं म्हणाला.

तो शनिवारी येरवड्याला गेला. कबूल करायला. स्कूटरवर सगळी वाक्यं जुळवत गेला. घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्धांची तसबीर, खाली सुंदराबाईंचा फोटो, त्याला पांढऱ्या फुलांचा हार. तीच हिरवी साडी. फोटो कार्यक्रमाला निघताना दारात काढलेला होता, असं सोनालीताईंनी सांगितलं. गजरा अबोलीचा होता.

सोनालीताईंनी पाणी दिलं. मामाने पेला खाली ठेवला आणि सुरुवात केली. म्हणाला की ताई, रेकॉर्डिंग नाहीये, आणि का नाही ते सांगायला मी आलोय. बोलता बोलता त्याने घाम पुसायला रुमाल काढला, तसा खिशातला फोन सतरंजीवर पडला. सोनालीताईंनी उचलून त्याच्या हातात देता देता पडद्याकडे बघितलं. अ‍ॅप उघडंच होतं. सगळ्यात वर त्या पदाचं नाव.

"हेच ना?" म्हणत त्यांनी बटण दाबलं.

मामा हात पुढे करेपर्यंत गाणं सुरू झालं होतं.

त्याचा आवाज आला. मग त्या चार ओळी आल्या. मामाला शांतता ऐकू आली. कडी. पावलं. तो श्वास.

सोनालीताईंनी डोळे मिटले होते. मान हळूहळू डोलत होती, बरोबर समेवर. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"किती मोकळा लागलाय हो आवाज," त्या म्हणाल्या. "दम कुठेच तुटला नाही. घरी गाताना नेहमी तुटायचा."

मामाने कान फोनजवळ नेला. काही नाही. एका मोठ्या जागेची शांतता.

त्याला वाटलं, आता नाही बोललो तर कधीच नाही. तो म्हणाला, "सोनालीताई, मी तुमच्या आईंना खोटं सांगून..."

त्यांनी डोळे न उघडता हात वर केला.

"थांबा ना. टाळ्या चालू आहेत अजून."

मामाने फोनकडे बघितलं. गाणं कधीच संपलं होतं. वेळ दाखवणारा आकडा शेवटी जाऊन थांबला होता. पडदा काळा झाला होता. आणि सोनालीताई हात वर धरून ऐकत होत्या... किती वेळ, ते मामाला सांगता येत नाही. त्यांनी हात खाली घेतला तेव्हा तो उठला, फोटोला नमस्कार केला आणि निघून आला.

रेकॉर्डिंग त्याने पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी ते तिथे सगळ्या नातेवाईकांनी ऐकलं. कुणीच म्हणालं नाही की ओळी मोकळ्या आहेत. एका म्हाताऱ्या काकांनी म्हणे पुन्हा लावायला सांगितलं.

त्यानंतर मामाने अ‍ॅप काढून टाकलं. रविवारी चार वाजता मागच्या खोलीत जाऊन बसतो, खिडकी बंद करून, हेडफोनशिवाय. मामीला वाटतं, झोपतो. सोनालीताईंना खरं सांगायचं अजून झालेलं नाही. तो म्हणतो, सांगितलं तर त्यांच्याकडचं ते गाणं जाईल. मी म्हणते, हे खरं कारण आहे की सोयीचं, ते तुझं तूच बघ.

मला हे बोलायचा काय अधिकार, ते मला माहीत आहे.

गेल्या आठवड्यात मामाने ते रेकॉर्डिंग मला पाठवलंय. सोबत काही लिहिलेलं नाही. मामीला तबला ऐकू आला. सोनालीताईंना आई ऐकू आली. मामाला काय ऐकू आलं, ते सांगितलं.

माझ्या फोनमध्ये ते तसंच पडलंय. तीन मिनिटं बेचाळीस सेकंद. मी अजून ऐकलेलं नाही.

काल रविवार होता. चार वाजून गेले तरी मी फोन पालथा ठेवला होता...